उलटा हात

थोरल्याचा हात हलका होता. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडत नसे, तो स्वतःच सांगत असे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, गळ्याभोवती कापड बांधलं गेलं की आधी हाताची तारीफ आणि मग फेस. गिऱ्हाईकही बिचारं ऐकून घेई, कारण एकदा वस्तरा लागला की बोलायचं नाही आणि हलायचं नाही, हा त्या दुकानाचा पहिला नियम होता. वडिलांनी तो दोन्ही मुलांना लहानपणीच शिकवला होता. थोरल्याने त्यातून एवढंच घेतलं, की आपण बोलत असलो म्हणजे समोरचा गप्प बसतो.

दुकानात खुर्च्या दोन. खिडकीकडची थोरल्याची, आतली धाकट्याची. वडिलांचा दुसरा नियम असा, की कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करायची नाही. आरशात स्वतःलाच खूश करत बसला की दुसऱ्याच्या गालाला विसरतो, असं ते म्हणत. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी शटर अर्धं खाली ओढून भाऊ एकमेकांची दाढी करत. वडील गेले, आई म्हातारी झाली, दोघांची लग्नं झाली, तरी हे चुकलं नाही.

धाकट्याची दाढी मूळची राठ. आधी सुलटा हात, म्हणजे वरून खाली. मग परत फेस लावून उलटा हात, खालून वर. उलट्या हाताला वस्तरा असा खर्र वाजायचा की थोरल्याला मध्येच तो पट्ट्यावर परजून घ्यावा लागायचा. पण अलीकडे सुलट्या हातातच काम भागायला लागलं होतं. फेसाबरोबर दाढी निघून येई, आणि गाल असा मऊ की बोट ठरू नये. थोरल्याने एकदा परत फेस लावला, वस्तरा खाली धरला आणि तसाच बाजूला ठेवला. उलटं काढायला काही उरलंच नव्हतं.

आता याचं कारण काय असावं? थोरल्याला कारण शोधावं लागलं नाही. त्याच सुमारास त्याने दाढीनंतर लावायचं एक पाणी तयार केलं होतं. तुरटी, ग्लिसरीन, लिंबाच्या साली आणि एक वस्तू जी तो कुणाला सांगत नसे. ते पाणी तो सगळ्यांनाच लावत होता आणि मऊ एकट्या धाकट्याचीच दाढी झाली होती, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही असं नाही. आली, पण त्याने ती फार वेळ तिथे थांबू दिली नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून तो गिऱ्हाइकाला धाकट्याच्या खुर्चीपाशी घेऊन जाई आणि म्हणे, "हात लावून बघा. लोणी आहे का नाही? आमच्या पाण्याची करामत."

गिऱ्हाइकं हात लावून बघत. मग धाकट्याचं नावच लोणी पडलं. "लोणी आहे का आत?" म्हणत लोक दुकानात शिरत. धाकटा आधी हसायचा, पुढे नुसताच मान खाली घालून कैची चालवायचा. त्याचं डोकं हल्ली सारखं दुखत असे. अंगाने सुटला होता, पण अंगात दम नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खुर्चीतच डोळे मिटून पडे. थोरला म्हणे, "लोणी वितळलं बघा."

घरात वेगळंच चाललं होतं. धाकट्याच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलत नव्हता. धाकट्याची बायको, घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, छापखान्यात पुस्तकबांधणीच्या टेबलावर काम करायची. बोलायला कमी, कामाला चोख. आई तिच्यासमोर काही बोलत नसे, पण शेजारच्या लेकरांचं कौतुक जरा मोठ्यानेच करी. एकदा जेवताना थोरल्याने जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. "आमच्या घराण्यात पुरुषात दोष नाही," तो म्हणाला. "तपासणी करायचीच तर तिची करा."

धाकटीने मान वर केली नाही. तपासण्या मात्र सगळ्या करून घेतल्या, त्यातल्या एकीने तर ती दिवसभर पोट धरून पडली होती. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता नवऱ्याला घेऊन या. हा निरोप थोरल्याच्या बायकोमार्फत थोरल्यापर्यंत आला, तेव्हा तो म्हणाला, "त्याला कशाला? धडधाकट माणूस आहे." बायको म्हणाली, "धडधाकट असेल, पण तो तिला जवळही घेत नाही म्हणते ती. किती महिने झाले." असल्या गोष्टी ऐकायची थोरल्याला सवय नव्हती. त्याने विषय बदलला, पण डोक्यातून तो गेला नाही. पुरुष बायकोला जवळ घेत नाही याचा त्याला एकच अर्थ माहीत होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने विचारलं. धाकटा खुर्चीत मान मागे टाकून होता आणि वस्तरा गळ्याच्या उंचवट्यावर होता. "खरं सांग," थोरला म्हणाला, "दुसरीकडे कुठे मन गुंतलंय का तुझं?" धाकट्याने उघडे डोळे मिटून घेतले. ना हो, ना नाही. थोरल्याने गळा पूर्ण केला, पाणी लावलं आणि मनाशी म्हटलं, समजलं. मौन म्हणजे होकार.

आईला सांगायचं नव्हतं, म्हणून त्याने फक्त बायकोला सांगितलं. बायकोने, जावेला अंधारात ठेवणं पाप आहे म्हणून, फक्त धाकटीला सांगितलं. धाकटीने नवऱ्याला विचारलं. तो तिच्याही समोर गप्प राहिला, आणि तिथे तर वस्तराही नव्हता. चार कपडे घेऊन ती बहिणीकडे गेली. थोरल्याला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात आपला अंदाज बरोबर निघाल्याचं थोडं समाधानही होतं.

त्यानंतर धाकट्याच्या हातून चुका व्हायला लागल्या. एका कानावरचे केस कमी, दुसऱ्यावर जास्त. बाजूला ठेवलेला पाण्याचा फवारा रोज खाली पडे. वाट बघत बसलेल्या माणसांच्या पायांत तो अडखळे आणि "अरे, तुम्ही कधी आलात?" असं विचारी. एकदा एका मास्तरांच्या कानाची पाळीच कैचीत सापडली. रक्त आलं. थोरला भर दुकानात ओरडला, "डोळे कुठे गहाण टाकलेस? का तिच्याकडेच ठेवून आलास?" तिच्याकडे म्हणजे कुणाकडे, हे धाकट्यालाच फक्त कळलं. त्याने कैची खाली ठेवली, मास्तरांची माफी मागितली आणि बाहेर जाताना काचेच्या दाराच्या कडेवर खांदा आपटून घेतला. दार उघडं होतं.

मास्तर कानाला कापूस धरून म्हणाले, "रागावू नका हो. त्याला कडेचं दिसत नाहीये. डोळे दाखवा त्याचे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरची अक्षरं वाचायला लावली, ती त्याने घडाघडा वाचली. मग एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला लावून, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. डाव्या डोळ्याने डावीकडचा आणि उजव्याने उजवीकडचा एकही ठिपका धाकट्याला दिसला नाही. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला लावला, रक्त काढायला लावलं आणि हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. थोरला बरोबर होताच. भावाला दिसत नाही म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली होती.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्यूटरी," त्या म्हणाल्या. "तिच्यात गाठ झाली आहे. कॅन्सर नाही, ते आधी डोक्यातून काढा. ही गाठ प्रोलॅक्टिन नावाचा हॉर्मोन बनवते. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळे. पुरुषाच्या अंगातही तो असतो, पण जरासा. तुमच्या रक्तात भरमसाट झालाय. तो वाढला की मेंदूकडून खाली अंडकोशांना जाणारा निरोप बंद पडतो. निरोप नाही म्हणून पुरुषी हॉर्मोन नाही आणि बीजही धड तयार होत नाही. इच्छा मरते, जोर राहत नाही. गाठ वाढून वरच्या डोळ्यांच्या नसांवर दाबली, म्हणून कडेचं दिसेना."

दूध हा शब्द ऐकून धाकट्याचे कान लाल झाले. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "म्हणजे मी पुरुष राहिलो नाही का?"

"तुमचं सलून आहे ना? कारागीर खुर्चीपाशी उभेच आहेत. वरून कुणी शटर उघडलेलं नाही, एवढंच. हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही." मग त्यांनी विचारलं, "दाढी कमी यायला लागली होती का? कधीपासून? त्यावरून अंदाज येतो."

"दाढी दादा करतो माझी," धाकटा म्हणाला.

दोघंही थोरल्याकडे बघायला लागले. कधीपासून, हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. वस्तरा हातात घेऊन तो सांगू शकला असता, कोणत्या सुट्टीला उलटा हात सुटला ते. त्याला गिऱ्हाइकांचे हात आठवले, धाकट्याच्या गालावरून फिरणारे. "नाही बुवा," तो म्हणाला, "माझ्या काही लक्षात आलं नाही."

बाईंनी मान हलवली. पुरुषांच्या बाबतीत हे असंच उशिरा कळतं, त्या म्हणाल्या, बाईची पाळी चुकते म्हणून ती तरी लवकर येते. आठवड्यातून दोनदा घ्यायची गोळी त्यांनी लिहून दिली. बहुतेक गाठी गोळीनेच आकसतात, ऑपरेशनची वेळ सहसा येत नाही. मुलाबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "पुष्कळांना होतं. वचन देत नाही. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या."

बाहेर औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर दोघं बसले. "मी तुला विचारलं होतं," थोरला म्हणाला, "दुसरं कुणी आहे का म्हणून. तेव्हा 'नाही' असं का म्हणाला नाहीस?"

"वस्तरा गळ्यावर होता, दादा."

"मग नंतर?"

"नंतर तू विचारलंच नाहीस." धाकटा गोळ्यांची पुडी हातात फिरवत होता. "आणि तिने विचारलं तेव्हा मला वाटलं, असू दे. दुसरी बाई आहे म्हटलं तर माणूस वाईट ठरतो, पण पुरुष तरी ठरतो. मला काही होतच नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तूच सांगितलं होतंस ना, आपल्या घराण्यात दोष नाही."

थोरल्याला तिथे बसवेना. तो उठायला लागला तसा धाकटा म्हणाला, "आता तिला काही सांगायचं नाही. तिची बदली होतेय, छापखान्याच्या दुसऱ्या गावच्या शाखेत. ती हो म्हणालीय. जाऊ दे तिला. हे दुधाचं वगैरे तिच्या कानावर गेलेलं मला चालणार नाही. शपथ आहे तुला."

घरी आल्यावर थोरल्याने बायकोला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं त्याहून तिने कमी शब्दांत ऐकवलं. "ती बाई तुमच्या एका अंदाजावर घर सोडून गेली. मीच नेऊन पोचवला तो. आता आपण दोघं कुठल्या तोंडाने जेवतोय?" थोरल्याने ताट सरकवलं. भावाची शपथ मोडावी तर त्याची अब्रू जाते, पाळावी तर त्याचा संसार जातो. आणि संसार त्याचा असला तरी मोडला होता आपण, हे त्याला दोन्ही बाजूंनी टोचत होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक खुर्चीत असतानाही त्याचं मन लागेना. तो छापखान्यात गेला. बांधणीच्या खोलीत लांब टेबलं होती, खळीचा आंबूस वास होता. धाकटी छापलेले कागद दुमडत होती. हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, बाजूला ठेवायची, दुसरा घ्यायचा. त्याला बघून तिने काम थांबवलं नाही. "बसा भाऊजी," ती म्हणाली, "स्टूल आहे."

तो उभाच राहिला. "दुसरी बाई नाहीये," तो म्हणाला. "कधीच नव्हती. मी त्याला विचारलं तेव्हा माझा वस्तरा त्याच्या गळ्यावर होता. तो हलू शकत नव्हता. मी त्याला होकार समजलो. माझी चूक आहे. त्याची नाही आणि तुझी तर अजिबातच नाही. त्या दिवशी जेवताना मी जे बोललो, तेही."

पट्टी थांबली. "मग काय होतं?"

"ते मला सांगायची बंदी आहे. ते त्याच्याकडूनच ऐक. आजारी आहे तो, एवढं सांगतो. जीवाला धोका नाही. पण जायच्या आधी त्याला एकदा विचार, आणि तो गप्प राहिला तर परत विचार. मी परत विचारलं नाही, तिथेच सगळं फसलं."

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्याचे गाल इतके कसे मऊ झाले, म्हणून मीच त्याला विचारलं होतं. छातीवरचे केसही गेले होते. मला भीती वाटली होती, डॉक्टरकडे जाऊ म्हणत होते. तो म्हणाला, दादाचं पाणी आहे. सगळं गाव म्हणतंय, मग मलाही वाटलं, असेल." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही तसंच वाटलं का, भाऊजी?"

थोरल्याने स्टूल टेबलाखाली सरकवलं आणि तो निघून आला. दुकानात आल्यावर पाण्याच्या सगळ्या बाटल्या त्याने मोरीत ओतल्या. बराच वेळ लिंबाचा वास येत राहिला. गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो सांगे, बंद केलं. आणि कुणी लोणी म्हटलं की त्याच्याकडे असा बघे, की तो माणूस आपोआप दुसऱ्या विषयावर जाई.

धाकटीने विचारलं. तो गप्प राहिला. तिने परत विचारलं. मग काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. ती घरी परत आली नाही, पण बदली तिने पुढे ढकलली, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंसमोर धाकट्याच्या शेजारी ती बसली होती. या वेळी थोरल्याला कुणी बोलावलं नाही.

गोळ्यांनी आधी डोळे सुधारले. बाजूचा फवारा पडेनासा झाला. कडेला ठेवलेला चहा धाकटा न बघता उचलायला लागला, तेव्हा थोरला आरशाकडे पाठ करून रडला. बाकीचं सावकाश आलं. डोकेदुखी गेली, दुपारी खुर्चीत पडून राहणं गेलं. सुट्टीच्या सकाळी थोरला भावाच्या गालावर सुलटा हात फिरवी, मग बोटांनी चाचपून बघी आणि काही न बोलता वस्तरा ठेवून देई. त्या सकाळी तो बोलतच नसे. दुकानात त्याची बडबड एवढी कमी झाली होती, की जुनी गिऱ्हाइकं त्याच्या तब्येतीची चौकशी करत.

आणि एका सकाळी, हनुवटीखाली, वस्तरा वाजला. खर्र. थोरल्याचा हात थांबला. त्याने परत फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर परजून घेतला आणि खालून वर उलटा हात काढला. वाजतच होता. "लागलं का?" त्याने विचारलं. धाकट्याने अर्थात उत्तर दिलं नाही, पण त्याच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

मग पाळी थोरल्याची आली. मधल्या काळात, धाकट्याच्या डोळ्यांची खात्री पटेपर्यंत, त्याने वडिलांचा नियम मोडून स्वतःची दाढी स्वतः केली होती. आज तो खिडकीकडच्या खुर्चीत बसला आणि त्याने मान मागे टाकली. धाकट्याने फेस लावला, दोन्ही गाल संपवले, वस्तरा गळ्यावर आणला.

"दादा," तो म्हणाला, "तुला कळलं होतं ना? माझ्या दाढीवरून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं त्याच्या किती आधीपासून."

थोरला हलला नाही. हलायचं नव्हतंच. गप्प राहिलं तर चालण्यासारखं होतं, नियमच होता तसा. मौनाचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

धाकट्याने वस्तरा गळ्यावरून उचलला. अगदी बाजूला, टेबलाच्या कडेवर ठेवला. हात पुसले, आणि आरशात भावाकडे बघत तो थांबून राहिला.

"हो," थोरला म्हणाला. "कळलं होतं."

धाकट्याने मान हलवली. परत थोडा फेस लावला, वस्तरा उचलला आणि खालून वर, सावकाश, उलटा हात घेतला.